दोरी बांधलेल्या खुर्च्या

१

पन्नास वर्षं वेताच्या खुर्च्या विणल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. सगळे त्यांना वेतकाका म्हणायचे. पोस्टातला कारकूनसुद्धा सही न बघता "या वेतकाका" म्हणून मोकळा व्हायचा. काकांना त्याचं काही वाटत नसे. नाव कामानं मिळालेलं होतं आणि काम चोख होतं.

वर्षातून दोनदा काका आणि काकू गाडीनं लेकीकडे जात. सहा-सात तासांचा रस्ता. निम्म्यावर, दोन टेकड्यांच्या मधे, डावीकडे एक फाटा फुटायचा आणि तिथे तपकिरी पाटी होती : 'जुनं गाव. जसं होतं तसं जपलेलं.' पाटी दिसली की काकू म्हणायच्या, "अहो, एकदा आत जाऊन बघू या की."

"येताना थांबू," काका म्हणायचे.

येताना काकांना घाई असायची. कुणाची तरी खुर्ची अर्धी विणून अडून बसलेली असायची. "पुढच्या वेळी नक्की," काका म्हणायचे. काकू हसून खिडकीबाहेर बघत. असं बारा वर्षं चाललं, आणि मग काकू गेल्या.

त्याला आता चौदा महिने झाले होते. दुकान बंद झालं होतं. लेकीनं खोली रिकामी करून, रंग देऊन, पडदे लावून ठेवली होती आणि रोज फोनवर "बाबा, कधी निघताय?" म्हणून भंडावून सोडलं होतं. शेवटी काका निघाले. गाडीत मागे दोन ट्रंका, अवजारांची पेटी, वेताचं एक वेटोळं आणि चादरीत गुंडाळलेली काकूंची खुर्ची.

पाटी दिसली. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "येताना थांबू." मग त्यांच्या लक्षात आलं की या खेपेला येणं नाहीच. त्यांनी गाडी डावीकडे वळवली.

२

खुर्चीचं सांगायला हवं, कारण काकांचा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

दुकानात काका खिडकीकडे तोंड करून विणत. उजेड तिथूनच यायचा. काकू त्यांच्या मागे, डाव्या खांद्याशी, या खुर्चीत बसत. काहीतरी शिवत, निवडत, आणि बोलत. काका मान न वळवता उत्तरं देत. चाळीस वर्षं त्या दोघांचा संसार असा पाठीमागून बोलण्यात झाला, आणि भांडणंही तशीच. काकू डावा पाय दुमडून घेऊन बसायच्या. त्यामुळे जाळीला पुढे डावीकडे एक खळगा पडला होता, कणीक मळायच्या परातीएवढा उथळ. बसताना खुर्ची दोनदा कुरकुरायची. एकदा त्या टेकायच्या तेव्हा, आणि मग पाय वर घ्यायच्या तेव्हा.

वेताची जाळी माणसाला लक्षात ठेवते, हे काका गिऱ्हाइकांना नेहमी सांगत. उठायची घाई असलेला माणूस पुढच्या काठावर बसतो. पाठ दुखणारा एका अंगाला कलतो. आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून, पार मागे रेलून जो बसतो, तो काही लवकर उठायचा नाही.

काकूंच्या हयातीत आळसापोटी त्यांची खुर्ची पुन्हा विणायची राहिली. त्या गेल्यावर विणणं शक्यच नव्हतं. खळगा गेला असता. काकूंचे फोटो होते, साड्या होत्या, पण त्यांचं वजन फक्त त्या जाळीत उरलं होतं. आता खळग्याच्या काठाची एक पट्टी विरली होती. काका रोज ओल्या फडक्यानं जाळी पुसून घेत. ऊन लागलं, वेत सुकला आणि ती पट्टी तुटली, की मग सगळंच सुटत जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

३

गाव छानच होतं. दगडी फरसबंदीची एकच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना हिरव्या झडपांच्या खिडक्या, चौकात बंद पडलेलं घड्याळ. कुठे कागदाचा कपटा नाही. काकूंना आवडलं असतं, असं काकांना वाटलं. त्यांनी आधी चहा घ्यायचं ठरवलं.

चहाच्या दुकानात बाक होता, पण तो टेबलावर उलटा टाकलेला होता. तीन म्हातारे भिंतीला खांदा लावून उभ्यानं चहा पीत होते. चहावाला उभा होता. पलीकडे शिंपी उभ्यानं मशीन चालवत होता, एक पाय पायट्यावर आणि एक जमिनीवर, बगळ्यासारखा. काकांनी गल्लीत वर-खाली नजर टाकली. पायऱ्यांवर, कट्ट्यावर, ओट्यावर, कुठेच कुणी बसलेलं नव्हतं.

"काय हो, गावात बसायची बंदी आहे की काय?" काकांनी गमतीनं विचारलं.

"सवय नाही," चहावाला म्हणाला.

"मग आमच्या धंद्याचं इथे काही खरं नाही. मी खुर्च्या विणतो."

तिन्ही म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवले. त्यातला एक जण काकांकडे बघून म्हणाला, "मोठ्या घरात जा. बाई वाटच बघतायत विणणाऱ्याची."

सकाळपासून उभं राहून पाय दुखत असतील, म्हणून तुटक बोलतात बिचारे, असं काकांनी मनाशी म्हटलं. आपणही चहा उभ्यानंच प्यायलो हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

४

मोठं घर म्हणजे गावातलं बघण्यासारखं घर. तिथल्या रखवालदार बाई पन्नाशीच्या, काटक आणि बोलक्या होत्या. "या काका, या," म्हणत त्यांनी सगळ्या खोल्या हिंडून दाखवल्या. दिवाणखाना, जेवणघर, लिहायची खोली. सगळं जसंच्या तसं. आणि प्रत्येक खोलीत वेताच्या खुर्च्या. एकूण एक खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत सुती दोरी बांधलेली. दोरी खाली, जाळीला टेकेल अशी ताणलेली.

"लोक बसतात म्हणून का?" काकांनी विचारलं.

"बसू नये म्हणून," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे खुर्ची मोकळी ठेवत नाहीत. कुणाला बोलावलं नाही, तरी मोकळी दिसली की येऊन बसतं."

"कोण बसतं?"

बाईंनी पदरानं टेबलावरची धूळ पुसली. "दोरी कुणी बसण्याआधी बांधायची असते, एवढं खरं. एकदा बसल्यावर बांधून उपयोग नाही."

शेवटची खोली मागच्या अंगाला होती. मोठी खिडकी आणि खिडकीशी एक अर्धी विणलेली खुर्ची. उभे-आडवे पदर झालेले, तिरके राहिलेले. मागचा विणकर काम अर्धवट टाकून गेला होता. खोलीच्या कोपऱ्यात आणखी एक खुर्ची होती. तिचीही दोरी बांधलेली होती, पण ती जाळीला टेकत नव्हती. मधोमध ती वीतभर वर उचललेली होती, कमानीसारखी. पीळ उलटा बसला असेल, किंवा खळ घातलेली असेल, काकांनी ठरवून टाकलं. मग त्यांनी धंद्याच्या नजरेनं खाली बघितलं. बाकी सगळ्या खुर्च्यांच्या जाळ्या ताशासारख्या ताणलेल्या होत्या. हिला मोठा, सपाट, मागेपर्यंत गेलेला झोळ होता.

"ही नका बघू," बाई म्हणाल्या. "ही जुनी आहे."

त्यांनी अर्ध्या खुर्चीचे तिरके पदर घालून द्याल का, असं विचारलं आणि काकांचे हात एकदम शिवशिवले. चौदा महिन्यांत त्यांनी आरी हातात धरली नव्हती. दोन-तीन तासांचं काम. लेकीकडे दिवेलागणीपर्यंत पोचता आलं असतं. फक्त एकच अडचण होती. गाडी उन्हात होती आणि काकूंची खुर्ची गाडीत.

"आणा की आत सावलीला," बाई म्हणाल्या, पण जरा थांबून. काकांनी खुर्ची आणून खिडकीपासून लांब, आपल्या मागे ठेवली आणि चादर काढली. बाईंनी लगेच कमरेची दोरी सोडून तिला बांधली, गच्च, दोन गाठी मारून. "मी जेवून चारला येते. दोरीला हात लावू नका हं, काका."

५

बाई गेल्या. काकांनी वेत पाण्यात सोडला आणि वळून बघितलं. दोरी नेमकी विरलेल्या पट्टीवर दाबली गेली होती.

वेताच्या जाळीवर दोरी आवळायची नाही, हे काकांना सोळाव्या वर्षी वस्तादानं पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. दोरीनं पट्टी कापते. गावाची रीत गावाला लखलाभ, पण काकूंचा खळगा त्यापायी जायचा ही कुठली अक्कल? त्यांनी दोन्ही गाठी सोडल्या, दोरी गुंडाळून खिडकीत ठेवली, जाळीवरून ओलं फडकं फिरवलं आणि ते कामाला बसले. म्हणजे पाटावर बसले. त्यांचा पाट त्यांच्या पेटीतच असायचा.

खिडकीतून उजेड येत होता. हात आपोआप चालू लागले. खालून वर, एक सोडून पुढच्या भोकात, खुंटी, ओढ. घर इतकं शांत होतं की वेत पाण्यात फुगतो त्याचे बुडबुडे ऐकू येत होते.

मागे खुर्ची कुरकुरली.

काकांचा हात थांबला. ऊन लागलं की वेत वाजतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण ऊन तिथवर येत नव्हतं. ओला वेतही वाजतो, त्यांनी सांगितलं. आत्ताच तर फडकं फिरवलं. मग ते दुसऱ्या कुरकुरीची वाट बघत बसले, श्वास धरून. ती आली नाही.

शेवटच्या वर्षात काकूंचा गुडघा धरला होता. पाय वर घ्यायला त्यांना वेळ लागायचा. कधी कधी घेतच नसत. हे आठवलं आणि काकांना रडूच आलं.

"आलीस?" ते म्हणाले. मान वळवली नाही. चाळीस वर्षांत कधी वळवली नव्हती. आज वळवली आणि समोर काही नसलं तर? तेवढं सोसायची ताकद त्यांच्यात नव्हती.

खुर्ची हलकेच वाजली. कुणीतरी नीट बसून घेतल्यासारखी.

मग काका बोलत सुटले. दुकानाच्या किल्ल्या शेजारच्या घड्याळवाल्याकडे दिल्या. तुझी कुंडी जगली नाही, मी पाणी घालत होतो, खरंच घालत होतो. रात्री दोन ताटं घेतली जायची, सहा महिने. लेकीनं खोली केलीय, पूर्वेची खिडकी आहे, निळे पडदे आहेत, तुला आवडणार नाहीत. नात आता घरभर धावते, कुणाच्याही मांडीवर चढून बसते. प्रत्येक वाक्यानंतर मागे वेत थोडासा वाजत होता, हुंकार दिल्यासारखा. तिरके पदर भराभर बसत गेले. इतकं सुंदर काम काकांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"बघितलंस ना तुझं गाव शेवटी?" ते म्हणाले. "आता माझ्याबरोबर चल. घरी चल. तुझी खुर्ची खिडकीशी ठेवतो. येतेस ना?"

मागे जाळी करकरली. लांब आणि जड, तळापर्यंत.

६

गल्लीत चपलांचा आवाज आला तशी काकांनी शेवटची गाठ मारली आणि घाईघाईनं उठून, डोळे अर्धवट मिटूनच, काकूंच्या खुर्चीवर चादर टाकली. लहान मुलगी झोपली असावी आणि जाग येऊ नये, तशी. तोवर सूर्य घरापलीकडे गेला होता आणि खोलीत अंधुक झालं होतं.

बाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांची नजर खिडकीतल्या दोरीवर गेली.

"दोरी कुणी सोडली?"

"मी. पट्टी कापत होती."

"बसलं का कुणी?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्यात राग नव्हता, काळजी होती. खरं सांगितलं तर ही बाई काय करेल, हा एकच विचार काकांच्या मनात आला. ठेवून घेईल.

"छे," ते म्हणाले. "कोण बसणार?"

"काका, खरं सांगा. बसलं असेल तर खुर्ची इथेच राहू द्या. आम्ही सांभाळतो, आम्हाला सवय आहे. तिला घरात नेऊ नका."

"माझ्या बायकोची खुर्ची आहे ती," काका म्हणाले. आवाज जरा चढलाच. त्यांनी खुर्ची उचलली. जड लागली, पण तीन तास मान मोडून काम केल्यावर हातात जोर कुठला राहणार?

दारातून निघताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या जुन्या खुर्चीवर गेली. तिची दोरी आता सरळ होती. खाली, जाळीला टेकलेली. बाईंनी मघाशी ओढून नीट केली असेल, काकांना वाटलं. बाई तर आत्ताच आल्या होत्या, आणि दारातून पुढे आल्या नव्हत्या. हा हिशेब काकांनी मनात पुरा होऊ दिला नाही.

गल्लीतली सगळी माणसं आपापल्या भिंतींशी उभी राहून गाडी जाताना बघत होती. हात कुणी हलवला नाही.

७

उरलेला रस्ता काका गप्पा मारत गेले. चौदा महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. वळणांवर मागून वेत वाजायचा आणि ते "सांभाळून हं" म्हणायचे.

लेक अंगणातच उभी होती. तिनं काकांना मिठी मारली, रडली, हसली, "किती वाळलात" म्हणाली. नात पायात घोटाळत होती. जावयानं ट्रंका उतरवल्या आणि खुर्ची नव्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी नेऊन ठेवली. "काय वजन आहे हो हिला," तो हात झटकत म्हणाला.

"आईची खुर्ची!" लेकीनं चादर ओढून काढली. मग ती वाकली. "बाबा, ही तुम्ही पुन्हा विणलीत का?"

"नाही गं."

"मग आईचा खळगा कुठे गेला?"

खोलीत दोन दिवे होते, लख्ख. काका खुर्चीपाशी आले. विरलेली पट्टी तुटली होती, तिच्या शेजारच्या दोन्हीही तुटल्या होत्या. पुढचा डावा कोपरा सपाट झाला होता. जाळी मधोमध खाली गेली होती. रुंद, सारखी, पार मागेपर्यंत. काकांनी पन्नास वर्षांत हजारो झोळ वाचले होते, हा वाचायला त्यांना क्षणभरही लागला नाही. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. पाठ रेललेली. हात खुर्चीच्या हातांवर. हा झोळ त्यांनी आज दुपारीच बघितला होता, कोपऱ्यातल्या खुर्चीत.

ती आलीच नव्हती. ती त्या गावात नव्हती, गाडीत नव्हती, आणि जिथे उरली होती तिथूनही आता गेली होती. आणि काका दुपारभर सगळं सगळं सांगत बसले होते. किल्ल्या कुणाकडे आहेत. खिडकी कुठल्या बाजूला आहे. नात कुणाच्याही मांडीवर चढून बसते. घरी चल.

"दोरी आहे का घरात?" काका म्हणाले.

"आता? दोरी कशाला?"

"दे आधी. आणि पोरीला उचल. कडेवर घे तिला."

लेकीनं कपडे वाळत घालायची नवी दोरी आणून दिली आणि पोरीला उचललं. काकांनी दोरी खुर्चीच्या एका हाताला बांधली, आडवी नेली, दुसऱ्या हाताला गाठ मारली आणि दोन्ही हातांनी खाली दाबली. ती खाली गेली नाही. मधोमध वीतभर उंचीवर ती थांबली, कमानीसारखी. काकांनी सगळं अंग टाकून दाबून बघितलं. दोरीखाली काहीतरी मऊ होतं आणि ते जरासुद्धा हललं नाही.

"काय करताय, बाबा?" लेक हसली, पण तिला हसू पुरतं आलं नाही. "इतक्या लांबून आलात, दमलात. बसा ना जरा. ही नको तर पलंगावर बसा."

काकांनी पलंगाकडे बघितलं, दाराजवळच्या स्टुलाकडे बघितलं. मग मागे सरून त्यांनी भिंतीला खांदा लावला.

"नको," ते म्हणाले. "मी उभाच बरा आहे."